एक इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, ते आधी शिकवा: बहुइंजिन प्रशिक्षण देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे संचालक, मुख्य प्रशिक्षक आणि वैमानिक परवाने देणाऱ्या प्राधिकरणांचे अधिकारी

विषय: व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठीचं बहुइंजिन प्रशिक्षण किमान तासांत उरकलं जात असल्याबाबत

महोदय, महोदया,

मी ट्विनवर, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानावर, शिकवते. उजव्या सीटवर बसायचं, शेजारच्या विद्यार्थ्याचं एक इंजिन मुद्दाम काढून घ्यायचं, म्हणजे त्याची शक्ती बंद करायची, आणि तो पुढे काय करतो ते पाहायचं, हे माझं रोजचं काम आहे. मी जिथे शिकवते तिथे अलीकडे एक परिपत्रक निघालं. बहुइंजिन टप्पा यापुढे नियमातल्या किमान तासांतच संपवायचा. एखाद्या विद्यार्थ्याला जादा सॉर्टी, म्हणजे सरावाचं उड्डाण, द्यावी लागली तर प्रशिक्षकाने लेखी कारण द्यायचं, आणि अशी कारणं किती वेळा दिली हे त्याच्या वार्षिक मूल्यमापनात धरलं जाईल. सिम्युलेटरची सत्रं ऐच्छिक. मी आतल्या आत लेखी हरकत घेतली, तिला उत्तर आलं नाही. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. इतर ठिकाणी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलल्यावर लक्षात आलं की आमच्याकडे निदान कागद तरी निघाला. पद्धत बऱ्याच ठिकाणी तीच आहे, कागदाशिवाय. म्हणून हे पत्र सगळ्यांना आणि सगळ्यांसमोर.

या विषयाशी संबंध नसलेले वाचकही हे वाचतील, त्यांच्यासाठी मूळ मुद्दा आधी सांगते. दोन इंजिनं असलेलं विमान जास्त सुरक्षित, असं सगळेच धरून चालतात. ते खरंही आहे, पण एका अटीवर: एक इंजिन गेलं की वैमानिकाला उरलेल्या एकावर विमान सांभाळता आलं पाहिजे. दोन्ही इंजिनं पंखांवर, मधल्या रेषेपासून दूर बसवलेली असतात. डावं बंद पडलं की उजवं विमानाचं नाक डावीकडे ढकलतं. डाव्या पंखावरून जाणारा प्रॉपेलरचा झोत थांबलेला असतो, त्यामुळे तो पंख खाली जायला लागतो. बंद इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्याने फिरत राहतो आणि ब्रेकसारखा विमानाला मागे खेचतो. हे सगळं एकाच वेळी सुरू होतं. वैमानिकाने उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरची नाक वळवणारी पट्टी, दाबून नाक सरळ धरायचं, चालू इंजिनाच्या बाजूला थोडं झुकायचं, वेग राखायचा आणि कोणतं इंजिन गेलं ते ओळखून त्याचा प्रॉपेलर फेदर करायचा, म्हणजे त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवायची.

रडरलाही मर्यादा आहे. एका ठरावीक वेगाच्या खाली पूर्ण रडर दिलं तरी नाक धरता येत नाही. हा वेग म्हणजे व्हीएमसी, वेगदर्शकावरची लाल रेघ. तिच्याखाली चालू इंजिन पूर्ण शक्तीवर ठेवलं तर तेच विमान उलटं करतं. यातून सुटायचा मार्ग म्हणजे नाक खाली घ्यायचं आणि चालू इंजिनाची शक्ती कमी करायची. जमीन जवळ असताना हे दोन्ही करायला मन धजत नाही. म्हणूनच ते सरावाने अंगात मुरवावं लागतं.

बहुइंजिन रेटिंग, म्हणजे परवान्यावरची ट्विन चालवण्याची परवानगी, या गोष्टीसाठीच असतं, हे कायद्यालाही मान्य आहे. सेस्ना 337 या विमानाला एक इंजिन पुढे आणि एक मागे, दोन्ही मधल्या रेषेत. एक बंद पडलं तरी ते विमान बाजूला वळत नाही. अमेरिकेत त्या विमानावर बहुइंजिनची परीक्षा दिली तर परवान्यावर तशी मर्यादा लिहून मिळते, आणि नेहमीचं ट्विन चालवायला पुन्हा परीक्षा द्यावी लागते. इंजिनं दोन, लीव्हर दोन-दोन, तरीही तो अनुभव अपुरा धरला जातो, कारण त्यात असिमेट्रिक, म्हणजे एकाच बाजूच्या इंजिनावरचं, उड्डाण नाही. नियम करणाऱ्यांना जे इतकं स्पष्ट दिसलं, ते शिकवणाऱ्यांच्या वेळापत्रकात का दिसू नये?

आता तासांकडे येते, कारण तुमचा सगळा हिशेब तासांचा आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, विमानांच्या व्यावसायिक परवान्यासाठी एकूण 200 तासांची किमान अट ठेवली आहे. मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात 150. यातले बहुतेक तास सिंगल-इंजिन विमानावर होतात. ट्विनचा वाटा अगदी शेवटचा आणि छोटा. युरोपीय नियमांत पिस्टन-ट्विनच्या क्लास रेटिंगसाठी किमान 7 तास वर्ग, अडीच तास नेहमीचं उड्डाण आणि साडेतीन तास इंजिन बंद पडण्याचा व असिमेट्रिक उड्डाणाचा सराव असं ठरलेलं आहे. अमेरिकेत हातातल्या व्यावसायिक परवान्यावर बहुइंजिन रेटिंग नुसतं जोडायचं असेल तर तासांचा आकडाच नाही. प्रशिक्षकाने तयारी झाल्याची सही द्यायची आणि परीक्षा उत्तीर्ण व्हायचं.

या दोन्ही पद्धतींमागचा विचार मला पटतो. आकडा हा तळ आहे, त्यावर माणूस तयार होईपर्यंत शिकवायचं. तुम्ही मात्र तळालाच छत केलंत. साडेतीन तासांत टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेणं, आहे, सराव-क्षेत्रापर्यंत जाणं-येणं आहे, रेडिओवर वाट पाहणं आहे. उरलेल्या वेळात विद्यार्थ्याच्या वाट्याला इंजिन जाण्याचे प्रसंग मोजकेच येतात. पहिले काही तर तो नुसते बघत असतो. पाय आपोआप योग्य बाजूला जायला लागतो, तेव्हा तास संपलेले असतात.

माझी दुसरी तक्रार सराव कसा होतो याबद्दल आहे, आणि ती मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते. विद्यार्थ्याला आधी सांगितलं जातं, "आता डावं घेते हं." उंची ठरलेली, जागा ठरलेली, बहुतेक वेळा इंजिनही ठरलेलं. जिथे दोन्ही प्रॉपेलर एकाच दिशेने, वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर उजवीकडे फिरतात, तिथे डावं इंजिन क्रिटिकल. ते गेलं की विमान सांभाळणं जास्त अवघड. म्हणून परीक्षकही तेच घेतात आणि प्रशिक्षकही तेच घोटून घेतात. विद्यार्थी उजवा पाय दाबायला शिकतो. ओळखायला शिकत नाही.

मागे माझ्याकडे एक मुलगा सरावासाठी आला होता. रेटिंग दुसरीकडून नुकतंच घेतलेलं, लॉगबुक नीटनेटकं, विमान छान चालवायचा. बऱ्यापैकी उंचीवर, गप्पा चालू असताना, मी चेकलिस्टच्या पानाआड उजव्या इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे शक्तीचा लीव्हर, मागे घेतला. नाक उजवीकडे गेलं. त्याचा डावा पाय बरोबर दाबला गेला, नाक सरळ झालं. तोंडाने तो पाठ केलेलं म्हणू लागला: मिक्स्चर (इंधनाचा लीव्हर) पुढे, प्रॉपेलर पुढे, थ्रॉटल पुढे, फ्लॅप वर, गिअर (चाकं) वर, ओळखा, खात्री करा, फेदर. "मेलेला पाय, मेलेलं इंजिन" हेही म्हणाला. आणि हे म्हणता म्हणता त्याचा हात डाव्या प्रॉपेलर लीव्हरवर गेला. पाय बरोबर सांगत होता, शब्द बरोबर होते, हात मात्र सवयीच्या जागी गेला, कारण त्याच्याकडून आजवर डावंच इंजिन घेतलं गेलं होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला. मधली पायरी त्याने गाळली होती: ज्या इंजिनाचा संशय आहे त्याचा थ्रॉटल आधी मागे ओढून पाहायचा. काहीच फरक पडला नाही तर तेच मेलेलं. विमान हिसका देऊन आणखी बिघडलं तर आपण चालू इंजिनाला हात लावतोय. ही पायरी त्याला ठाऊक होती. तिची गरज पडावी असा प्रसंग त्याच्यावर कुणी आणलाच नव्हता.

हा मुलगा नवखा होता म्हणून असं झालं, असं समजू नका. 8 जानेवारी 1989 रोजी इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं बोइंग 737-400 कोसळलं. डाव्या इंजिनाचं पातं तुटलं होतं, बंद केलं गेलं उजवं. 126 पैकी 47 जण गेले. 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर 72 विमानाचं उजवं इंजिन टेक-ऑफनंतर लगेच आपोआप फेदर झालं आणि वैमानिकाने डावं, चालू असलेलं, बंद केलं. 58 पैकी 43 जणांचा मृत्यू झाला. त्याच्या प्रशिक्षणाच्या नोंदींत टेक-ऑफच्या वेळी इंजिन जाण्याच्या प्रसंगात तो अडखळतो असा शेरा आधीच होता, असं तपास अहवाल सांगतो. ही दोन्ही मोठी विमानं होती, हजारो तासांची माणसं होती. ओळखायची सवय लागण्याची पहिली जागा म्हणजे हे छोटं ट्विन, आणि तिथेच आपण काटकसर करतोय.

तिसरी गोष्ट कामगिरीच्या गणिताची. एक इंजिन गेलं की निम्मी शक्ती जाते, हे कुणालाही सांगता येतं. चढण्याची क्षमता मात्र 80 टक्के किंवा त्याहून जास्त जाते, कारण विमान हवेत धरून ठेवायलाच बरीच शक्ती लागते आणि चढायला वापरता येते ती फक्त वरची शिल्लक. दोन इंजिनांवर मिनिटाला हजार-बाराशे फूट चढणारं प्रशिक्षणाचं ट्विन एका इंजिनावर, समुद्रसपाटीला, प्रॉपेलर फेदर करून, अचूक ब्लू लाइन वेगावर (एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा वेग) दोनशेच्या आसपास चढतं. तापमान वाढलं, उंची वाढली, मागे दोन माणसं बसली की ते दोनशेही राहत नाहीत. कितीतरी हलकी ट्विन ज्या जुन्या अमेरिकी निकषांवर प्रमाणित झाली, त्यांत 6,000 पौंडांपर्यंतच्या आणि कमी स्टॉल-वेगाच्या (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो वेग) ट्विनला एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी अटच नव्हती. तरीही आपण शिकवतो सकाळच्या गार हवेत, दोघंच, टाक्या अर्ध्या ठेवून. विमान एका इंजिनावर वर जातं आणि विद्यार्थ्याच्या मनात पक्कं बसतं की ट्विन असंच करतं. पूर्ण वजनाचा, गरम दुपारचा तक्ता काढून "आज या धावपट्टीवरून इंजिन गेलं तर मी सरळ पुढे उतरणार, चढायचा प्रयत्न करणार नाही" असा निर्णय टेक-ऑफच्या आधी मोठ्याने बोलायला किती संस्था लावतात? मी पाहिलेल्या ब्रीफिंगमध्ये हे वाक्य क्वचितच ऐकलंय.

याची दुसरी बाजूही लिहायलाच हवी. काही प्रशिक्षक उत्साहाच्या भरात फार खाली इंजिन कापतात, थेट मिक्स्चर ओढून. हेही तितकंच चूक आहे. ट्विनवर असे अपघात होतात आणि त्यात विद्यार्थ्यासोबत प्रशिक्षकही जातो. सुरक्षित सरावाच्या मर्यादा ठाऊक नाहीत असं नाही. हवेत मुद्दाम इंजिन काढण्यासाठी विमानाच्या पुस्तकात किमान वेग दिलेला असतो. खरोखर फेदर करून दाखवायचं तर भरपूर उंची हवी. अमेरिकी परीक्षा-मानकं जमिनीपासून किमान 3,000 फूट म्हणतात. धावपट्टीवर इंजिन काढायचं तर व्हीएमसीच्या निम्म्या वेगाच्या आतच. टर्बो नसलेल्या इंजिनांची शक्ती उंचीवर घटते, तशी व्हीएमसीही खाली येते, स्टॉलचा दर्शक-वेग मात्र तिथेच राहतो. दोन्ही जवळ आले की व्हीएमसीचं प्रात्यक्षिक करता करता विमान स्टॉल होऊन स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, जाऊ शकतं. म्हणून तिथे प्रशिक्षकाने आपल्या पायाने रडर अडवून मर्यादा लवकर दाखवायची असते. हे सगळं करायला प्रशिक्षक स्वतः ट्विनवर मुरलेला लागतो. तुम्ही कालच रेटिंग झालेल्याला उजव्या सीटवर बसवता आणि त्याचा मेहनताना तासावर ठेवता.

म्हणूनच सिम्युलेटर "ऐच्छिक" झाल्याचं मला इतकं लागलंय. 200 फुटांवर, गिअर वर जात असताना, इंजिन घालवणं विमानात वेडेपणा आहे. खोलीत बसून ते दहा वेळा करता येतं, उजवं-डावं न सांगता. काही प्रॉपेलर मिनिटाला ठरावीक फेऱ्यांच्या खाली गेले की फेदर होतच नाहीत. पायपर सेमिनोलमध्ये ती सीमा 950 आहे. इंजिन मंदावत असताना विचार करत बसलं तर ते दार बंद होतं. हे विद्यार्थ्याला एकदा स्वतःच्या हातून घडलेलं दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. छोट्या सिम्युलेटरमध्ये व्हीएमसीचा झटका हुबेहूब येत नाही, हे मान्य. पण हातांचा क्रम आणि निर्णय तिथेच पक्के होतात.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. ट्विन एकच असतं, ते देखभालीला गेलं की विद्यार्थी आठवडेच्या आठवडे खाली बसतो, परत आल्यावर पहिली सॉर्टी विसरलेलं आठवण्यात जाते, आणि ती त्याच्याच किमान तासांत मोजली जाते. आणि ट्विनचे तास वाढवायचे म्हणून ऑटोपायलट लावून लांब क्रॉस-कंट्री काढायच्या, दोघांनी मिळून जायचं, एकाच उड्डाणाचे तास दोघांच्या लॉगबुकात लिहायचे: हे जिथे नियमात बसतं तिथेही त्यातून असिमेट्रिक उड्डाणाचं काहीही शिकलं जात नाही. नोकरी देणारे मात्र तो आकडा पाहतात.

प्राधिकरणांना एक वेगळं सांगायचं आहे. परवाना मिळाल्यानंतर नोकरी लागेपर्यंत बराच काळ जातो आणि तोवर बहुतेकांना ट्विनचा स्पर्शही होत नाही. युरोपात पिस्टन-ट्विनचं रेटिंग वर्षभरच वैध असतं, हे शहाणपणाचं आहे. अमेरिकेत दर 24 महिन्यांची फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे प्रशिक्षकासोबतची उजळणी, सिंगल-इंजिनवर दिली तरी ट्विनचा अधिकार कायम राहतो. मला हे धोक्याचं वाटतं, आणि ते बदलायला नवं संशोधन लागत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

किमान तासांतच संपवण्याची परिपत्रकं, लेखी असोत वा तोंडी, मागे घ्या. जादा सॉर्टी मागणाऱ्या प्रशिक्षकाच्या मूल्यमापनात ती उणी बाजू धरू नका.

परीक्षेला पाठवण्याची सही तासांवर नको, कामावर हवी. न सांगता, दोन्ही बाजूंची, वेगवेगळ्या टप्प्यांवरची इंजिनं विद्यार्थ्याने सलग बरोबर हाताळली, खात्रीची पायरी न गाळता, अशी लेखी नोंद असल्याशिवाय सही नाही. परीक्षकांनीही इंजिन आणि वेळ आधी कळू देऊ नये.

टेक-ऑफनंतर लगेच इंजिन जाण्याचा सराव सिम्युलेटरवर सक्तीचा करा आणि त्याचा खर्च अभ्यासक्रमाच्या शुल्कातच धरा. विमानात तो खाली करायला स्पष्ट मनाई करा.

प्रत्येक ट्विन टेक-ऑफच्या आधी त्या दिवसाच्या वजन-तापमानाचं एका इंजिनाचं गणित आणि "इंजिन गेलं तर" हा निर्णय बोलून दाखवणं बंधनकारक करा. किमान एक सॉर्टी पूर्ण वजनाच्या जवळ होऊ द्या.

ट्विनवर शिकवणाऱ्याला आधी अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवू द्या, मगच एकटं सोडा.

विमान देखभालीत असल्याने खंड पडला तर उजळणीची सॉर्टी संस्थेच्या खर्चाने द्या, विद्यार्थ्याच्या किमान तासांबाहेर.

प्राधिकरणांनी बहुइंजिन अधिकार चालू ठेवायला ठरावीक मुदतीत ट्विनवर किंवा मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर असिमेट्रिक तपासणी सक्तीची करावी.

विद्यार्थी आणि पालकांनो, प्रवेश घेण्याआधी संस्थेला हेच प्रश्न विचारा. ट्विन किती आहेत, त्यांतलं एक बंद असेल तर काय, सिम्युलेटर शुल्कात आहे का, तयारी नसेल तर जादा सॉर्टी कुणाच्या खर्चाने. उत्तर लेखी घ्या.

माझ्या संस्थेकडून आणि प्राधिकरणाकडून मला या पत्राचं लेखी उत्तर हवं आहे. ते येईपर्यंत, ज्या विद्यार्थ्याचा हात अजून चुकीच्या लीव्हरवर जातो त्याच्या शिफारशीवर मी सही करणार नाही, आणि जादा सॉर्टीचं कारण दर वेळी लिहून देईन. माझ्या मूल्यमापनात ते जसं धरायचं तसं धरा.

आपली,
एक बहुइंजिन उड्डाण प्रशिक्षक